झिजलेल्या भागाचा इतिहास

सुट्या भागांतून स्वतःची मोटार जोडू पाहणाऱ्याला इंजिन फारसे अडवत नाही. ते एखाद्या जुन्या गाडीतून आख्खे उचलता येते. सांगाडा नळ्या वेल्ड करून उभा राहतो, वरचे अंग फायबरग्लासचे घडवता येते. खरी अडचण येते ती चाकाच्या हबमध्ये बसणाऱ्या बेअरिंगपाशी. ते घरी किंवा गल्लीतल्या लेथवर बनत नाही, कारण त्याचा हिशेब मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालतो. गाडीचे वजन, वळणावरचा आडवा रेटा आणि खड्ड्यातला धक्का हे सगळे त्याच्यावर एकदम येते आणि ते कितीही उत्तम असले तरी कधीतरी झिजतेच. म्हणून ते एकदा मिळून भागत नाही. काही वर्षांनी पुन्हा त्याच मापाचे, तितक्याच भरवशाचे दुसरे मिळावे लागते. ज्या गाडीवरून हब घेतला ती गाडी बाजारातून गेली की शोधाशोध सुरू होते, आणि पेटीवरचे नाव खरे की खोटे इथपासून शंका येऊ लागतात. वस्तू जोडणे आणि ती चालती ठेवणे यांतला हा फरक एका मोटारीपुरता नाही. भिलाईचा पोलाद कारखाना हाही मुळात परदेशातून पेट्यांमध्ये भरून आलेला, इथे जोडलेला संच होता. त्याचा इतिहास सहसा भट्ट्यांच्या आणि टनांच्या आकड्यांत सांगितला जातो. तो झिजणाऱ्या भागांच्या बाजूने वाचला तर निराळी गोष्ट दिसते. माझे म्हणणे असे की, यंत्र ज्याने विकत घेतले त्याचे ते होत नाही. ज्याला त्याचा झिजलेला भाग भरवशाने बदलता येतो त्याचे ते होते. हा भरवसा भाग कोणत्या देशातून आला यावर ठरत नाही. तो ठरतो तीन गोष्टींवर: सर्वांनी मान्य केलेले माप, स्वच्छ पोलाद, आणि माल परत पाठवण्याचा अधिकार असलेला तपासनीस.

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तिथल्या धानाच्या मुलखात कारखाना येण्याआधी चाकाचा प्रश्न गावातच सुटत असे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पाटे सुताराचे. वरची धाव लोहाराची. आख आणि तुंबा यांच्यामध्ये वंगण. तुंब्याचे भोक झिजून मोठे झाले, चाक डुगडुगू लागले, की तोच सुतार येऊन ते दुरुस्त करी. स्वावलंबनाचे चित्र म्हणून हे आकर्षक आहे, पण त्याच्या मर्यादा स्पष्ट होत्या. एका गाडीचे चाक दुसऱ्या गाडीच्या आखावर नीट बसेलच असे नसे, कारण प्रत्येक भाग त्या त्या गाडीपुरता घडवलेला असे. भरवसा होता तो मापावर नव्हे, ओळखीच्या माणसावर. आणि तो माणूस दहा कोसांवर उपयोगी पडत नसे. शिवाय लाकडावर किंवा लोखंडावर लोखंड घासत फिरणारे चाक बैलाच्या चालीला पुरते, वेग आणि वजन वाढले की तापते. चाकाला घासण्याऐवजी रोलरांवर फिरवण्याचा व्यवहारी उपाय घोडागाड्यांच्या धंद्यातूनच पुढे आला. अमेरिकेत गाड्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेनने १८९८ मध्ये निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. त्याचा हेतू साधा होता: गाडी वळताना चाकावर येणारा आडवा रेटा आणि वरून येणारे वजन या दोन्हींना एकाच भागाने तोंड द्यावे. आजही ट्रकच्या हबमध्ये समोरासमोर बसवलेली दोन निमुळती बेअरिंग्ज असतात ती याच कारणाने.

बदलता येणारा, ठरलेल्या मापाचा भाग या मुलखात आणला तो रेल्वेने. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज लोहमार्ग आला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंद केला आणि १८९१ पर्यंत नागपूर आसनसोलशी जोडले गेले. मालवाहू वाघिणीचे चाक आसाला पक्के असते आणि आसाची टोके पेटीत फिरतात. त्या पेटीत पितळी बेअरिंग, त्याला मऊ मिश्रधातूचे अस्तर आणि तेलात भिजवलेला सुताचा बोळा असे. तेल आटले, धूळ शिरली, की पेटी तापे. रेल्वेवाल्यांच्या तोंडी आजही असलेला ‘हॉट अॅक्सल’ तो हाच. वेळीच लक्ष गेले नाही तर आस मोडून गाडी घसरे. वाघीण एका कंपनीची, रूळ दुसऱ्या कंपनीचे, आणि चाक तापले ते तिसऱ्याच ठिकाणी, अशी वेळ रोज येई. त्यामुळे वाघिणींच्या देवाणघेवाणीचे आणि दुरुस्तीचे सामाईक नियम करणे भाग पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेल्या इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशनचे मोठे काम तेच होते. जो भाग नागपूरला बसतो तोच बिलासपूरलाही बसला पाहिजे, ही कल्पना इथे रुजली ती अशा गरजेतून. ती देशाभिमानातून आली नाही की कोणाच्या दूरदृष्टीतून. ज्याला दुसऱ्याचे चाक दुरुस्त करावे लागते त्यालाच मापाचे महत्त्व कळते.

लोखंड मात्र या मातीत आधीपासून होते आणि ते असल्याची खबरही होती. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये दुर्ग भागातल्या दल्लीच्या टेकड्यांतील खनिजाची नोंद केली होती. जमशेदजी टाटांचे पहिले स्वप्न चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या खनिजाचे होते. ते जमणार नाही असे नागपूरच्या सरकारी कचेरीत सांगायला गेलेल्या दोराबजींनी वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात एक भूगर्भीय नकाशा पाहिला आणि त्यावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाची खूण त्यांना दिसली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. दल्ली-राजहराच्या टेकड्या त्यांनी पाहिल्या, खनिज उत्तम ठरले, तरीही कारखाना गेला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. त्याच खनिजावर कारखाना उभा राहायला पुढे अर्धे शतक लागले. कच्चा माल पायाखाली असणे आणि त्यापासून यंत्र चालवण्याची ताकद असणे यांत किती अंतर असते, हे या अर्ध्या शतकाने दाखवले. भिलाईच्या बाबतीत ते अंतर पार झाले ते बाहेरून आलेल्या संचाने.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी नवी दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना, अडीच टक्के व्याजाचे कर्ज, बारा वार्षिक हप्ते आणि परतफेड रुपयांत, असा व्यवहार होता. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढच्या वर्षी रूळ लाटणारी गिरणी सुरू झाली. याच काळात राउरकेल्याला जर्मन आणि दुर्गापूरला ब्रिटिश साहाय्याने तितक्याच क्षमतेचे कारखाने उभे राहत होते. तिन्ही सरकारी, तिन्ही हिंदुस्थान स्टील या एकाच कंपनीचे, आणि तिघांची यंत्रे तीन देशांच्या मानकांची. राजकारणाच्या दृष्टीने ही चतुराई होती, कारण कोणत्याही एका देशाची मिंधेगिरी नको होती. पण भांडारपालाच्या दृष्टीने पाहिले तर ही तिहेरी अडचण होती. भिलाईत एखादा भाग मोडला तर राउरकेल्याकडे शिल्लक असलेला त्याला बसेलच याची खात्री नाही, आणि दुर्गापूरकडे तर मोजमापच इंचांचे. एकाच मालकाची तीन घरे आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, अशी ही अवस्था होती. परावलंबन टाळण्यासाठी तीन दिशांना हात पसरले, तर सुट्या भागांपुरते परावलंबन तिप्पट झाले.

हा घोळ किती बारीक असू शकतो हे बेअरिंगच्या क्रमांकावरून समजते. जगभर चालणाऱ्या पद्धतीत ६२०५ म्हणजे साधे खोल खाचेचे बॉल बेअरिंग. शेवटचे ०५ पाचाने गुणले की आतले भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५. सोव्हिएत गॉस्त मानकात याच बेअरिंगला नुसते २०५ म्हणत. इथपर्यंत ठीक आहे, कोष्टक पाहून काम भागते. पण ७२०५ घ्या. जागतिक पद्धतीत हे तिरक्या स्पर्शाचे बॉल बेअरिंग आहे. गॉस्त पद्धतीत ७२०५ म्हणजे निमुळत्या रोलरांचे बेअरिंग, ज्याला बाकीचे जग ३०२०५ म्हणते. दोघांचे भोक २५ आणि बाहेरचा व्यास ५२ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही त्याच आसावर आणि त्याच घरात सरकतात. जाडीत मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचा फरक आणि आतली रचना मात्र सर्वस्वी वेगळी. सोव्हिएत यंत्राच्या यादीतला क्रमांक जसाच्या तसा मुंबईच्या नागदेवीवरच्या दुकानात सांगितला, तर हाती येणारी वस्तू बसल्यासारखी वाटेल आणि काही दिवसांत दगा देईल. असा दगा कोणाच्या लबाडीने होत नाही. दुकानदार प्रामाणिक, माल अस्सल, क्रमांक बरोबर. चुकते ते एवढेच की दोन्ही बाजूंचे माप एका भाषेत नाही. म्हणून भरवशाच्या तीन अटींत मी सामाईक मापाला पहिले स्थान देतो. १९४७ मध्ये स्थापन झालेली भारतीय मानक संस्था, १९५२ चा आयएसआय शिक्क्याचा कायदा, १९५६ चा वजन-मापांचा कायदा आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेली मेट्रिक पद्धत या गोष्टी पाठ्यपुस्तकात रुक्ष वाटतात. इंचांतल्या वाघिणी, मेट्रिक भिलाई आणि ब्रिटिश मोटारी एकत्र नांदवणाऱ्या देशाला मात्र त्यांच्यावाचून पर्याय नव्हता.

भिलाईचा करार होत होता त्याच वर्षांत मुंबईत सुट्या भागांचा हाच प्रश्न मोटारींच्या बाबतीत चालू होता. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला, आणि फोर्डने त्याच सुमारास मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे, खोक्यांतून आलेल्या सुट्या भागांच्या मोटारी जोडल्या. पाव शतक जोडणी चालली, तरी भाग बनवण्याचा उद्योग तिच्यामुळे फारसा उभा राहिला नाही, कारण झिजलेला भागही खोक्यातूनच येत असे. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियरनेही सुरुवात डॉज-प्लिमथच्या जोडणीनेच केली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने भूमिका घेतली की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावे. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. बेअरिंगच्या बाजूने पाहिले तर इथे एक नवे गणित सुरू झाले. जयपूरला बिर्लांची नॅशनल बेअरिंग कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली होती. १९२३ पासून इथे नुसता माल विकणाऱ्या स्वीडिश एसकेएफने १९६१ मध्ये असोसिएटेड बेअरिंग कंपनी काढून चिंचवडला कारखाना घातला. त्याच सुमारास बडोद्याला जर्मन एफएजीच्या सहकार्याने कारखाना उभा राहिला, आणि पुढे १९८७ मध्ये जमशेदपूरसाठी टाटा-टिमकेनची स्थापना झाली. मोटार, ट्रक, रेल्वे, पंप, पंखे, गिरण्या या सगळ्यांना एकाच क्रमांकाचा माल लागतो, म्हणून हा उद्योग तगला. नुसत्या मोटारींच्या मागणीवर तो उभा राहिला नसता. भिलाईसारखे कारखाने या मागणीचा भाग होते, आणि हे त्यांचे देणे त्यांच्या पोलादाच्या हिशेबात कधी धरले जात नाही.

कारखान्याच्या आत काय घडले? मोठ्या पोलाद कारखान्याला स्वतःची ओतशाळा, लोहारशाळा आणि यंत्रशाळा लागते. दातेरी चाके, शाफ्ट, अस्तरपट्ट्या तिथे बनू शकतात. बॅबिट या मऊ मिश्रधातूचे अस्तर असलेले साधे बेअरिंग झिजले तर अस्तर वितळवून पुन्हा ओतता येते आणि खरवडून शाफ्टला बसवता येते. बैलगाडीच्या सुताराची विद्याच इथे मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडते. भिलाईच्या आसपास १९६० च्या दशकापासून लहानमोठे पूरक कारखाने वाढले, बी. आर. जैन यांची भिलाई इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन हे त्यांतले ठळक नाव. रांचीला १९५८ च्या अखेरीस स्थापन झालेल्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनचा उद्देशच पोलाद कारखान्यांची यंत्रे देशात बनवणे हा होता. पण बॉलचे वा रोलरचे बेअरिंग कारखान्याच्या यंत्रशाळेत बनत नाही. त्याला विशिष्ट क्रोमियमयुक्त पोलाद, उष्णतेचे काटेकोर संस्कार आणि आरशासारखे ग्राइंडिंग लागते. हे सगळे दहा-वीस नगांसाठी उभारणे वेडेपणा ठरेल. म्हणजे स्वयंपूर्ण कारखाना ही कल्पना एका मर्यादेपर्यंतच चालते. त्या मर्यादेपलीकडे कारखान्याला दूरच्या, अनोळखी उत्पादकावर विसंबावे लागते आणि तिथे ओळख कामाची नसते, तपासणीच कामाची असते.

इथे एक आक्षेप सहज घेतला जाईल. भिलाई बेअरिंगचे पोलाद बनवत नाही. ती रूळ, प्लेटा आणि बांधकामाचे पोलाद बनवते. मग बेअरिंगच्या गोष्टीत तिला का ओढावे? उत्तर पदार्थविज्ञानात आहे. रूळ आणि चाक, किंवा छर्रा आणि त्याची खाच, यांत एकच घडते: दोन वक्र पृष्ठभाग अगदी लहान जागेत प्रचंड दाबाने एकमेकांवर फिरतात. हाइनरिख हर्ट्झने १८८२ मध्ये या दाबाचे गणित मांडले. पुढे १९४७ मध्ये स्वीडनमध्ये लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन यांनी बेअरिंगच्या आयुष्याचे सूत्र दिले: भार दुप्पट केला तर बॉल बेअरिंगचे आयुष्य आठव्या हिश्शावर येते. कॅटलॉगमधले आयुष्यही हमीचे नसते. शंभरांतली नव्वद बेअरिंग्ज ज्यापलीकडे टिकतील तो आकडा असतो. आणि जी दहा आधी जातात ती बहुधा पृष्ठभागाखाली दडलेल्या मळीच्या कणापासून किंवा सूक्ष्म फटीपासून जातात. रुळाचेही तसेच. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ तुटलेल्या रुळावरून गाडी घसरली, दुसरी गाडी तिच्यावर आदळली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या काळात रुळाच्या पोलादातल्या हायड्रोजनचा प्रश्न ऐरणीवर आला. हा वायू पोलादात अडकला तर आतून बारीक तडे पडतात. रेल्वेने दहा लाख भागांत १.६ भाग ही मर्यादा धरली, भिलाईत पोलाद निर्वातात नेऊन वायू काढण्याची यंत्रणा आली, आणि राइट्स या सरकारी कंपनीचे तपासनीस रूळ पाहूनच घेऊ लागले. देशभर रूळ पुरवणाऱ्या, सरकारी, नावाजलेल्या कारखान्याचा मालसुद्धा नावावर घेतला गेला नाही, मापावर घेतला गेला. दुसरी आणि तिसरी अट, स्वच्छ पोलाद आणि नकाराचा अधिकार, यांचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. आयातीला कुंपण घातल्याने भरवसा वाढला नाही, उलट बुडाला, असे अनेक अर्थतज्ज्ञ म्हणतील. १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईनंतर परवान्याशिवाय काही येईना, इथला माल पुरेना; मग काळा बाजार, जुने बेअरिंग धुऊन-पुसून नव्या पेटीत विकणे, परदेशी नावाचे खोटे शिक्के हे सगळे फोफावले. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण यातून निष्कर्ष काय निघतो ते पाहावे. १९९१ नंतर कुंपण पडले, दुकानात जगभरचा माल आला, तरी बनावट बेअरिंग गेले नाही. मोठ्या कंपन्यांना आजही अस्सल-नकली ओळखण्यासाठी ग्राहकांना साधने पुरवावी लागतात. म्हणजे टंचाईने लबाडीला वाव दिला, तरी लबाडीचे मूळ टंचाईत नव्हते. ते होते न तपासता, पेटी पाहून विकत घेण्यात. ज्या ग्राहकाने माप घेऊन, नमुना कापून, कडकपणा मोजून माल घेतला तो टंचाईच्या काळातही फारसा फसला नाही. ज्याच्याकडे ती सोय नव्हती, तो गल्लीतला मेकॅनिक, दोन्ही काळांत फसला. कुंपणाचे समर्थन मी करत नाही. कुंपण काढले की प्रश्न सुटला, या समजुतीला माझा विरोध आहे.

तिसरा आक्षेप असा की बेअरिंगच्या धंद्यातले स्वावलंबन हा भ्रमच आहे. चिंचवड, बडोदा, जमशेदपूर इथल्या कारखान्यांमागे स्वीडिश, जर्मन, अमेरिकन कंपन्याच आहेत. हेही खरे, आणि ज्यांनी आपल्याला संच दिला त्यांचीही कथा वेगळी नव्हती: मॉस्कोचा पहिला मोठा बेअरिंग कारखाना १९३२ मध्ये इटालियन साहाय्याने सुरू झाला. पण परावलंबनाचे दोन प्रकार असतात. एकाच ठिकाणावर विसंबणे हा धोका आहे. १९४३ मध्ये दोस्तांच्या विमानांनी श्वाइनफुर्टवर दोनदा हल्ले केले ते जर्मनीची बेअरिंग्ज तिथे एकवटली होती म्हणून, आणि त्याच युद्धात ब्रिटन स्वीडनहून विमानांतून बेअरिंग्ज आणत होते. एकाच मापाचा माल चार ठिकाणी मिळणे ही मात्र मोकळीक आहे, मग त्या चारही ठिकाणांची मालकी कोणाचीही असो. भिलाईची खरी परीक्षा डिसेंबर १९९१ मध्ये झाली. ज्या देशाने कारखाना दिला तो देशच नकाशावरून गेला. करारानंतर फक्त ३६ वर्षे झाली होती. कारखाना थांबला नाही. १९६७ मध्ये २५ लाख टनांवर आणि १९८८ मध्ये ४० लाख टनांवर गेलेली भिलाई पुढच्या दशकांत सर्वोत्तम एकात्मिक पोलाद कारखान्यासाठीची पंतप्रधान ट्रॉफी अकरा वेळा जिंकली. याचे सगळे श्रेय सुट्या भागांना देणे अतिशयोक्ती होईल. खाणी जवळ होत्या, रेल्वे हक्काची गिऱ्हाईक होती. पण झिजणारा प्रत्येक भाग मॉस्कोकडून यायचा असता तर खाणी आणि गिऱ्हाईक असूनही चाके थांबली असती.

आजचा धोका वेगळ्या बाजूने येतो आहे. पूर्वी हबमध्ये दोन सुटी बेअरिंग्ज असत. मेकॅनिक ग्रीस भरे, नट घट्ट करून किंचित सैल सोडी, खीळ घाली, आणि बेअरिंगवरचा क्रमांक कोणत्याही दुकानात चाले. नव्या मोटारींत हब, बेअरिंग, सील आणि ब्रेकसाठीचा सेन्सर मिळून एकच बंद नग असतो. तो जास्त टिकतो, देखभाल मागत नाही; पण बहुतेकदा तो एका गाडीपुरता असतो आणि त्याचे रेखाचित्र गाडी बनवणाऱ्याच्या ताब्यात असते. बैलगाडीचे चाक दुसऱ्या गाडीला बसत नसे, तशीच ही स्थिती, फरक इतकाच की सुतार आता गावात नाही. स्वतः गाडी जोडणारे हौशी लोक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही लाखोंनी खपलेल्या जुन्या मारुतीचे हब पसंत करतात ते जुनेपणाच्या प्रेमाने नव्हे. त्याला बसणारे बेअरिंग पुढची अनेक वर्षे मिळत राहील हा त्यामागचा हिशेब असतो, आणि तो शहाणपणाचा आहे. बंद नग म्हणजे परावलंबन अटळ, असे मात्र नाही. भिलाईच्या मार्शलिंग यार्डातून धावणाऱ्या वाघिणींच्या आसांवर आज बंद पेटीतली निमुळत्या रोलरांची बेअरिंग्ज असतात. तीही कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेली असतात, तरी ती कोणा एका उत्पादकाची मक्तेदारी झाली नाहीत, कारण माप आणि कसोटी लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने लिहून दिली आणि त्या मापाचा माल रेल्वेने अनेकांकडून घेतला. गाडीच्या हबमध्ये आणि वाघिणीच्या आसात फरक तंत्राचा कमी आणि लेखणीचा जास्त आहे. एकीकडे माप विकणाऱ्याने लिहिले, दुसरीकडे घेणाऱ्याने.

म्हणून नवा संच घेताना, मग तो मेट्रोचा डबा असो, विजेवरची बस असो की भिलाईतली नवी गिरणी, उद्घाटनाच्या दिवशीच्या क्षमतेपेक्षा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा धरावा: याच्या चाकातले बेअरिंग तिसऱ्यांदा बदलायची वेळ येईल तेव्हा ते कोण देईल, कोणत्या मापाने, आणि ते नाकारण्याचा अधिकार कोणाला असेल? करारात याचे उत्तर लिहून घेणे स्वस्त पडते. ते राहिले तर पुढे तीस वर्षे त्याची किंमत भांडारातून आणि थांबलेल्या यंत्रांतून मोजावी लागते. भिलाईने ती किंमत एकदा मोजली आणि तिच्यातून माप, पोलाद आणि तपासणी या तिन्ही गोष्टी कमावल्या. पुढच्या खरेदीदाराने तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडण्याचे काही कारण नाही.